बिल्ला

“सायेब, ह्याच्यावर काय लिवलंय तेवढं वाचा की.”

सकाळचे साडेसहा-पावणेसात झाले असतील. उजनी धरणाच्या फुगवट्यावर धुकं बसलं होतं. काठाला बांधलेली होडी अर्धीच दिसत होती आणि पाण्याकडनं चक्रवाकांचा तो घशातला आवाज येत होता. तंबूबाहेरच्या खुर्चीत मी कानटोपी, शाल आणि वरनं बायकोचा स्वेटर अशा अवतारात बसलो होतो. कॅम्पवरच्या मामांनी चहाचा ट्रे स्टुलावर ठेवला, पण गेले नाहीत. इकडंतिकडं बघितलं, शर्टावरचा बिल्ला दोन बोटांनी पुढं ओढला आणि माझ्यासमोर वाकले. निळ्या पट्टीवर पांढरी इंग्रजी अक्षरं. मराठी पेपर रोज वाचतो म्हणाले, पार जाहिरातींसकट, पण हे इंग्रजी काही उमगत नाही. आणि घरी नातू विचारतो, आबा काय लिहिलंय, तेव्हा काय सांगावं कळत नाही.

मी वाचलं. आउटडोअर एक्स्पिरियन्स होस्ट.

“म्हंजी?”

इथं माझी पंचाईत झाली. आउटडोअर म्हणजे उघड्यावरचं. एक्स्पिरियन्स म्हणजे अनुभव. होस्ट म्हणजे... छत्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस मी, परिपत्रकांची भाषांतरं करून जिभेला वळण लागलेलं, तोंडातनं निघून गेलं, ‘यजमान’. उघड्यावरच्या अनुभवाचे यजमान. बोलता बोलताच मला कसंनुसं झालं. मामा आधी गप्प राहिले आणि मग असे हसले की शेजारच्या तंबूतलं कुणीतरी खोकलं.

“यजमान? अवो, यजमान तर तुमी. पैसं तुमी मोजल्यात. आन् मला यजमान म्हननारी एकच हाय, ती तकडं चुलीम्होरं बसलीय.”

हसतच ते पुढच्या तंबूकडं गेले. चहात गवती चहा होता, आलं होतं. मी तो न चाखताच संपवला.

आदल्या दिवशी दुपारी आम्ही सोलापुरातनं निघालो होतो. खरं तर घरातच दोन तट होते. गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, अजून उठला नव्हता. नातीला होम मैदानावरचा मोठा पाळणा हवा होता आणि जावयाला निसर्ग. जावई पुण्याचा, त्यामुळं निसर्ग जिंकला. मोहोळ, टेंभुर्णी करत करमाळ्याच्या बाजूला लागलो तोवर ऊन कलतीला आलं होतं. वाटेत उसाच्या ट्रॉल्या, एकीमागं एक, आणि त्यांच्यामागं कासवासारखे आम्ही. कॅम्प म्हणजे पाण्याकडं तोंड करून मांडलेले नऊ तंबू. आत पलंग, गादी, दिवा, चार्जिंगची सोय आणि मागच्या अंगाला चक्क कमोड. ह्याला ग्लॅम्पिंग म्हणतात, जावयानं सांगितलं. असेल. माझ्या डोक्यात मात्र तंबू म्हटलं की तमाशाचा येतो, राहुटी म्हटलं की सरदारांची, आणि पाल म्हटलं की गावाबाहेरच्या माळावर चार दिवस उतरलेली, पाटलानं पाचव्या दिवशी उठवलेली माणसं आठवतात. कापड तेच, काठ्या त्याच. लहानपणी पालाकडं फिरकलो तर आई ओरडायची. आता पालात झोपायचे माणशी साडेतीन हजार.

तिथं पोचल्या पोचल्या मी पहिली चूक केली. बायकोला पाठीचा त्रास आहे, गादी फार मऊ होती, म्हणून बाहेर उभ्या असलेल्या गृहस्थांना म्हटलं, “ओ मामा, जरा ही गादी काढून सतरंजी मिळंल का?” मामा हो म्हणून वळलेसुद्धा. तेवढ्यात हातात टॅब घेतलेला एक तरुण पुढं आला. छान मुलगा, हसरा, त्याच्याही छातीवर बिल्ला, त्यावर कॅम्प क्युरेटर. तो अगदी नम्रपणे म्हणाला, “सर, आपण इथं मामा-काका-दादा असं नाही म्हणत. होस्ट म्हणतो. रिस्पेक्ट सगळ्यांना सारखा पाहिजे ना.” मला राग आला. अरे, मामा म्हणजे काय शिवी आहे? आमच्या सोलापुरात पोलिसालासुद्धा मामा म्हणतात. रिक्षावाला काका, भाजीवाली मावशी, शेजारची अक्का, दुकानदार अण्णा. माणसाला नात्यात ओढून घेतल्याशिवाय आमचं वाक्यच सुरू होत नाही. हे मी मनात म्हणालो. तोंडानं ‘बरं बरं’ म्हणालो आणि चहा पीत बसलो.

रात्री हुरडा होता. फळ्यावर त्याचं नाव ‘लाइव्ह काउंटर’ आणि शेकोटीचं नाव ‘बॉनफायर’ असं लिहिलेलं. पण जमिनीत खणलेली आगटी खरी होती, गोवऱ्या खऱ्या होत्या आणि त्याच्याकाठी उकिडवे बसलेले मामा तर फारच खरे होते. कणसं राखेत सरकवायची, देठाला धरून फिरवायची, आणि कुठल्या क्षणी बाहेर ओढायची हे ते कणसाकडं न बघता ठरवत होते. मी विचारलं तर म्हणाले, वासावर. कच्च्या कणसाचा वास गवताचा येतो, झालेल्याचा दुधाचा, आणि क्षणभर उशीर केला की लाह्यांचा. गरम कणीस नुसत्या तळव्यात धरून चोळत होते. मी एक हातात घेतलं आणि लगेच टाकलं. त्यांचे तळवे जाड, भेगाळलेले, राखेनं करडे झालेले. हिरवे मऊ दाणे, फुंकर मारून उडवलेलं कोंडूर, शेंगाची चटणी, गूळ. नात चौथी वाटी मागत होती. गुळभेंडी आहे, ही अशी आता फार कुणी पेरत नाही, मामा म्हणाले. आणि मग कणीस धरलेल्या हातानंच पाण्याच्या काळोखाकडं खूण करून म्हणाले, आमचं रान तिकडं होतं. धरण १९८० ला पुरं झालं. त्याआधीच पाणी रानाला लागलं तेव्हा ते दुसरीत होते. विहीर कुठं होती ते अजून सांगता येतं, उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं तर काठाचे दगड दिसतात. एवढं बोलून त्यांनी जावयाला पुढचं कणीस दिलं. जावई व्हिडिओ काढत होता.

झोपताना त्या मुलाचं बोलणं पुन्हा आठवलं. आता राग उतरला होता, त्यामुळं जरा नीट आठवलं. मी मामा म्हणतो, हे खरं. पण कुणाला म्हणतो? छत्तीस वर्षांत बँकेच्या एकाही झोनल मॅनेजरला मी काका म्हणालो नाही. डॉक्टरांना दादा म्हणालो नाही. त्या टॅबवाल्या पोरालासुद्धा मी भाचा म्हणालो नाही, सर नाही तरी निदान ‘अहो’ म्हणालो. आमची नाती उतारावरनं वाहतात. गादी उचलायची असली, पोतं चढवायचं असलं, संडास धुवायचा असला की माणूस मामा होतो, बाई मावशी होते.

मावशी. ह्या शब्दाशी माझं जुनं देणं आहे.

माझी आई एका शाळेत शिपाई होती. वडिलांची मिल बंद पडली, भोंगा वाजायचा थांबला, वडील कुणाकुणाच्या चादरीच्या कारखान्यांत मिळेल ते काम करू लागले, आणि ओळखीच्या एका मास्तरांनी आईला शाळेत चिकटवलं. मी त्याच शाळेत पाचवीला गेलो. तिची कामं म्हणजे घंटा देणं, पाण्याच्या टाक्या भरणं, नोटिशीची वही वर्गावर्गात फिरवणं, आणि कुणी पोरगं आजारी पडलं तर त्याला घरी सोडणं. मधल्या सुट्टीत नळाजवळ ती उभी असायची आणि शंभर पोरं ओरडायची, मावशी पाणी, मावशी पाणी. मला तिची लाज वाटायची असं नाही. म्हणजे, वाटायची. सहावीत नवा मित्र झाला होता, डॉक्टरांचा मुलगा, त्याला माहीत नव्हतं. आम्ही दोघं नळाशी गेलो, त्यानं मावशी म्हणून हाक मारली, आणि पाठोपाठ मीही म्हणालो, मावशी, मला पण. आईनं माझ्याकडं बघितलं. मग पेला विसळला, भरला आणि म्हणाली, “घे बाळ, सावकाश पी.” तिथल्या प्रत्येक पोराला ती असंच म्हणायची. संध्याकाळी घरी काही बोलली नाही. नंतरही कधी नाही. ती जाऊन आता अकरा वर्षं झाली आणि तो पेला, पितळेचा, काठाला चेमटलेला, अजून माझ्या नजरेसमोर आहे.

त्यामुळं मावशी म्हणण्यात केवढा जिव्हाळा आहे, हे मला कुणी सांगू नये.

पण मग नवं नाव दिलं की सुटलं का? आईच्याच बाबतीत ते झालेलं मी बघितलंय. मी बँकेत लागल्यावर दोन-तीन वर्षांनी तिला बढती मिळाली, नाईक म्हणून. शाळांच्या मंजूर पदांत नाईक असं पद असतं, शिपायाच्या वरचं. पगार थोडासाच वाढला, पण कार्यालयाच्या किल्ल्या तिच्याकडं आल्या. आई पेढे घेऊन गल्लीभर फिरली. नाईक! आजोबा हसून लोळायचे बाकी राहिले होते, म्हणे पोरगी सैन्यात गेली. तिनं मात्र कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावला आणि निवृत्त होईपर्यंत तो काढला नाही. आता त्याच यादीतली बाकीची नावं बघा: हमाल, चौकीदार, कामाठी. कामाठी हे तर तेलंगणातनं पोटासाठी आलेल्या मजुरांचं नाव, मुंबईत त्यांच्यावरनं कामाठीपुरा झाला, आणि पुढं ते चक्क पद होऊन बसलं. आमच्या सोलापुरात अर्धा पूर्व भाग तेलुगू बोलतो, तिथं हा शब्द कागदावर वाचताना शेजाऱ्याचं नाव वाचल्यासारखं वाटतं. पुढं जिल्हा परिषदेत शिपायाला परिचर म्हणतात असं मी आईला सांगितलं, तर तिनं विचारलं, “म्हंजे नेमकं काय करायचं असतं?” शिपाई म्हटलं की तिला कळायचं. नाईक म्हटलं की किल्ल्या वाजायच्या. परिचर म्हटल्यावर काहीच वाजलं नाही.

सरकारला सध्या नावं बदलायची हौस आली आहे. २०२४ मध्ये ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी झाला, त्याच सुमारास तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी. गावात अजून तात्या-भाऊसाहेबच चालतं. कोतवालाचा तर महसूल सेवक झाला. ह्या शब्दाची घसरण मोठी मौजेची आहे. एके काळी कोतवाल म्हणजे सगळ्या शहराचा बंदोबस्त बघणारा बडा अधिकारी. उतरत उतरत तो दवंडी पिटणारा, तलाठ्याची दप्तरं वाहणारा गावकामगार झाला, आणि आता सेवक. चतुर्थ श्रेणी द्या ही त्यांची मागणी कित्येक वर्षांची. मागितली श्रेणी, मिळालं नाव. आमच्या बँकेतही तेच. मी लागलो तो क्लर्क-कम-कॅशियर म्हणून, त्याच खुर्चीतली मुलगी आता कस्टमर सर्व्हिस असोसिएट आहे. पासबुक छापायचं मशीन तेव्हा नव्हतं आणि आता असून बंद असतं, एवढाच काय तो फरक. रेल्वेनं २०१६ च्या अर्थसंकल्पात कुलीला सहायक म्हणायचं जाहीर केलं. सोलापूर स्टेशनावर उतरून कुणी ‘सहायक, ओ सहायक’ अशी हाक मारल्याचं ऐकलंय का? मी एका ओळखीच्या हमालाला विचारलं होतं. तो म्हणाला, काहीही म्हणा की, पगार काय आम्हाला रेल्वे देत नाही, ओझ्याचे देता ते तुम्हीच देता. मग दंडावरचा बिल्ला दाखवून म्हणाला, हा मात्र वडिलांचा आहे. नंबर तोच. बिल्ला म्हणजे त्याचा परवाना, त्याची जमीनच म्हणा ना. ते शब्द पुसले तरी चालेल, नंबर पुसला तर घर बसेल.

भाची इंग्लंडात असते. उन्हाळ्यात ते लोक मुलाबाळांना घेऊन तंबू ठोकून राहतात. तिला फोनवर हा किस्सा सांगितला तर म्हणाली, मामा, आमच्याकडंही हेच. कॅम्पवरच्या माणसाला पूर्वीपासून वॉर्डन म्हणतात, आता बऱ्याच ठिकाणी मॅनेजर वगैरे झालंय, कारण वॉर्डन फार दरडावल्यासारखं वाटतं. वाटणारच. आपल्याकडं वॉर्डन म्हणजे मुलींच्या वसतिगृहातली, आठला दार लावणारी. तिच्याकडनंच कळलं की अमेरिकेतल्या सरकारी कॅम्पांवर होस्ट असतात, पण ते बरेचसे स्वयंसेवक, निवृत्त जोडपी. स्वतःची गाडी लावायला जागा फुकट मिळते आणि त्या बदल्यात ते कॅम्प सांभाळतात. म्हणजे तिथला होस्ट हौसेचा, इथला पोटाचा, शब्द मात्र विमानात बसून आला तसाच्या तसा. त्यापेक्षा मला ते लाल कोटवाले आवडले. इंग्लंडात स्केग्नेसला १९३६ मध्ये बटलिन्सचा सुट्टीचा कॅम्प निघाला, तिथं पाहुण्यांचं मन रमवणारी माणसं लाल कोट घालायची, म्हणून त्यांचं नावच रेडकोट. इतकी वर्षं झाली, अजून तेच नाव, आणि म्हणे लोक अभिमानानं सांगतात, मी रेडकोट होतो.

ह्यात मला गंमत वाटली ती वेगळीच. आपला पट्टेवाला असाच. पट्टा घालतो तो पट्टेवाला. चपराशी तरी कोण? चपरास म्हणजे पट्ट्यावरची ती पितळी पाटी. ती लावतो तो चपराशी. म्हणजे माणसाचं नावच बिल्ला! मामांच्या छातीवर ती निळी पट्टी लावून त्या पोरानं काही आधुनिक केलंय असं त्याला वाटत असेल, पण ही रीत कचेऱ्यांइतकी जुनी आहे. आणि कपड्यावरनं पडलेलं नाव नेहमी हलकंच असतं असंही नाही. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांबरोबर चालणारी माणसं बघा. पांढरी बाराबंदी घातली की त्यातला सराफ कोण आणि यंत्रमागावर रात्रपाळी करून आलेला कोण, ओळखू येत नाही. ध्वज पेलायला दम लागतो, तो दोघांना सारखाच लागतो.

युनियनमध्ये होतो म्हणून एक सांगतो. कोर्टात ह्या नावांना फारसं कुणी विचारत नाही. आमच्या वेळी १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा होता. एखाद्याला ऑफिसर म्हणून बसवलं आणि नंतर काढलं, तर न्यायाधीश दारावरची पाटी बघत नसत, तो दिवसभर काय काम करतो ते बघत. पण कोर्टापर्यंत किती जण जातात? कामगार हा शब्द ओबडधोबड आहे, घामट आहे, पण त्याला कागदाचा आधार आहे. आमच्या शेजारच्या अक्का मांडीवर सूप घेऊन दिवसाला हजार विड्या वळायच्या, बोटं तंबाखूनं पिवळी, घरभर तो गोडसर उग्र वास. १९६६ चा विडी आणि सिगार कामगार कायदा घरी बसून वळणाऱ्या बाईलाही मोजायचा. त्यांच्याकडं कार्ड होतं, फंड होता, आणि कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची वसाहत झाली त्यात त्यांना घर मिळालं. उद्या त्यांना कुणी ‘लीफ आर्टिस्ट’ म्हटलं असतं तर घर मिळालं असतं का, ह्या विचारानं मी एकदा एकटाच हसलो होतो. मोटारसायकलवरनं जेवण पोचवणाऱ्या पोरांना पार्टनर म्हणतात, ते आठवल्यावर हसू थांबलं.

त्या सकाळी मात्र एवढं काही सुचलं नव्हतं. तेव्हा मी नुसता उठलो आणि कप ठेवायच्या निमित्तानं स्वयंपाकाच्या छपराकडं गेलो. मामी चुलीपुढं बसल्या होत्या. धुरानं डोळे लाल, काठवटीत पीठ, आणि तव्यावर भाकरी अशी फुगलेली की बघत राहावं. रात्रीची चिलापी त्यांनीच तळली होती, पिठलं त्यांचंच, खर्डा त्यांचाच. जावयानं जिला सगळ्यात जास्त दाद दिली होती ती बाई ही, आणि तिच्या अंगावर बिल्ला नव्हता. मी मामांना विचारलं, ह्यांना नाही का दिला? “तिला कशाला? ती कुटं पाव्हन्यांम्होरं येती.” पगार? “दोघांचा मिळून माझ्याच खात्यावर येतो.”

मला वाटेतल्या ट्रॉल्या आठवल्या. साखर कारखान्यांच्या आसपास ह्या दिवसांत कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात, बीडकडची माणसं ऊस तोडायला आलेली असतात, आणि मुकादमाच्या वहीत त्यांची नावं नसतात, कोयते असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. आगाऊ पैशांची उचल कोयत्याला मिळते. एकटा गडी आला तर तो अर्धा कोयता. पहाटे थंडीत पाचट उपसणारी, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरनं ट्रकात चढणारी बाई हिशेबात कुठं आहे, तर नवऱ्याच्या मुठीत. आमच्याकडं हा शब्द इतका रोजचा आहे की तो कानाला टोचतसुद्धा नाही; चाळीस कोयते आले, सहा कोयते पळाले, असं आम्ही सहज बोलतो. आणि मी त्या सकाळी ‘होस्ट’ शब्दावर नाक मुरडत बसलो होतो.

“मामा, बिल्ला आल्यापासनं पगार वाढला का?” मी विचारलंच.

“पगार त्योच. पन एक झालं बगा.” त्यांनी लाकूड आत सारलं. “आदी पाव्हनं ‘ए’ म्हनून हाक मारायचे. आता ‘एक्स्क्यूज मी’ म्हनत्यात. पोरीबाळी थँक्यू म्हनत्यात. बरं वाटतं की.” मग जरा थांबून गंभीरपणे विचारलं, “ह्यो दावला तर येश्टीत सवलत बसती का हो?”

मी नाही म्हणालो. मामी खुदकन हसल्या, तव्यावरची भाकरी उलथली आणि म्हणाल्या, मी तर बिनबिल्ल्याची अर्ध्या तिकिटात जाते.

माझ्यापुरतं मी तेव्हा एक कबूल करून टाकलं. हा शब्द मामांसाठी नव्हताच, माझ्यासाठी होता. साडेतीन हजार मोजून, पाय पसरून, माझ्याहून चार-सहा वर्षांनीच लहान माणसाकडनं गादी उचलून घेताना मला अवघडू नये, म्हणून. गड्याकडनं काम करून घेतलं की मन खातं. होस्टनं केलं की वाटतं, त्यालाच हौस आहे. आणि मामा म्हटलं की वाटतं, घरचंच आहे. औषध एकच, बाटल्या दोन. तरी ते ‘बरं वाटतं की’ मला खोडता येत नव्हतं. आईच्या किल्ल्या आठवत होत्या ना.

साडेनऊला टॅबवाला मुलगा अभिप्राय घ्यायला आला. चांदण्या भरायच्या होत्या: पाण्याला किती, पक्ष्यांना किती, जेवणाला किती. शेवटचा रकाना, तुमच्या होस्टचं नाव. मी मामांच्या शर्टाकडं बघितलं. बिल्ल्यावर पद होतं, नाव नव्हतं. “ह्यावर नाव का नाही रे?” तो म्हणाला, “सर, शिफ्ट असतात ना. बिल्ले तीन आहेत, माणसं सहा.” तेवढ्यात पाण्याकडनं नातीचा मोठा भोकाड ऐकू आला. चप्पल काढून काठाला पळत होती, वेड्या बाभळीचा काटा टाचेत अर्धा इंच गेला होता आणि वरनं मोडला होता. बायको सुई शोधायला पर्स उपसत होती, जावई फोनवर काहीतरी बघत होता, बहुतेक काटा कसा काढावा. मामांनी तिला मांडीवर घेतलं, बिल्ला उपसला, त्याची पिन चुलीतल्या जाळावर धरली, फुंकर मारली, आणि तिला पाण्यातली बदकं मोजायला लावलं. ती सातावर होती तेव्हा काटा त्यांच्या तळव्यावर आला होता. रात्री कणसं चोळणारा तोच तळवा. मामींनी हळद आणून दाबली.

नात काटा बघत होती. मामांनी पिन धोतराच्या सोग्याला पुसली, सरळ केली. मागं एक पंचविशीतला पोरगा येऊन उभा होता, केस ओले, नुकताच मोटारसायकलवरनं उतरलेला. दहा वाजले होते. मामांनी त्याला जवळ ओढलं आणि बिल्ला त्याच्या खिशावर टोचला. तिरका बसला म्हणून काढला, परत टोचला. मग मला हात जोडून, मामींची पिशवी उचलून ते बांधाकडं चालू लागले, मागनं मामी. शर्टावर खिशाच्या वर पिनेची दोन भोकं होती. नातीनं मला विचारलं, “आबा, हे मामा आता कोण?”

“चल, गाडीत बस,” मी म्हणालो.